पडदा आणि डोळा यांमधले अंतर

दसरा-दिवाळीच्या सुमारास मोठ्या शहरांतील विजेच्या उपकरणांच्या दुकानांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. भिंतभर पंधरा-वीस दूरचित्रवाणी संच ओळीने मांडलेले असतात आणि त्यांवर डोळे दिपविणारी चित्रे चाललेली असतात : पाण्यावर झेप घेणारा निळा पक्षी, नुकत्याच कापलेल्या फळाची रसाळ फोड, रात्रीच्या नगरातील दिव्यांची आरास. समोर एखादे कुटुंब उभे असते. मुले सर्वांत मोठ्या पडद्याकडे बोट दाखवितात, गृहिणी किंमतीच्या चिठ्ठीकडे पाहते, आजोबा मागे खुर्ची शोधीत असतात. अखेर सर्वांत लखलखणारा संच निवडला जातो. चार दिवसांनी तो घरी येतो, भिंतीवर चढतो आणि पहिल्याच सायंकाळी बातम्या लावल्या की घरात एक विचित्र शांतता पसरते. निवेदकाचा चेहरा मेणाचा वाटतो, अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात, आणि आजोबा हळूच म्हणतात, "जुन्या संचावर बरे दिसत होते."

संच बिघडलेला नसतो. दुकानदाराने लबाडी केलेली असते असेही नाही. चूक असते ती पारखीची. दुकानात पडद्याची परीक्षा झाली; पण ज्या खोलीत तो पडदा पुढील सात-आठ वर्षे राहावयाचा, ज्या अंतरावरून तो पाहिला जावयाचा आणि ज्या डोळ्यांनी पाहिला जावयाचा, त्यांची परीक्षा झालीच नाही. चित्र ही एकट्या पडद्याची करणी नव्हे. येणारा संदेश, पडदा, मधले अंतर आणि डोळा या चौघांच्या मेळातून चित्र सिद्ध होते. यांपैकी दुकानात फक्त पडदा विकत मिळतो. बाकीच्या तिघांचा हिशेब ग्राहकाने घरूनच करून न्यावयाचा असतो.

या हिशेबाचा आरंभ डोळ्यापासून करावा लागतो. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा जो तक्ता तयार केला, तो आजही नेत्रवैद्यांच्या दवाखान्यांत टांगलेला दिसतो. त्या तक्त्यामागचे तत्त्व असे की, निरोगी डोळ्याला एका कलेइतके बारीक अंतर वेगळे ओळखता यावे. कला हा शब्द पंचांग पाहणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे ३१ कला रुंद दिसते. म्हणजे एवढा मोठा चंद्र, पण साधारण डोळ्याच्या दृष्टीने तो आडव्या ओळीत जेमतेम तीस-एकतीस ठिपक्यांचाच. एक मीटर अंतरावर एका कलेत सुमारे ०.२९ मिलिमीटर लांबी मावते. आठ फुटांवर, म्हणजे सुमारे २.४४ मीटरवर, तीच लांबी ०.७१ मिलिमीटर होते. याहून बारीक ठिपके शेजारी शेजारी असले तर सामान्य डोळा ते वेगवेगळे पाहू शकत नाही. ते एकमेकांत मिसळून जातात. तरुण आणि तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला थोडे अधिक बारीक दिसते, वृद्धाला थोडे कमी. परंतु कलेचे हे माप व्यवहाराला पुरेसे आहे.

ज्याला हे माप स्वतः पडताळून पाहावयाचे असेल त्याने एका पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा एकेक मिलिमीटर अंतर सोडून ओढाव्यात, कागद भिंतीला लावावा आणि एकेक पाऊल मागे सरावे. एका ठिकाणी रेघा नाहीशा होतात आणि कागद नुसता करडा दिसू लागतो. सहा बाय सहा दृष्टीच्या माणसाला हे ठिकाण सुमारे सव्वाअकरा फुटांवर सापडते. घरातील प्रत्येकाचे ठिकाण वेगळे निघेल. त्या फरकातच संच निवडीचे निम्मे मर्म दडलेले आहे.

आता हाच हिशेब दूरचित्रवाणीच्या पडद्याला लावून पाहावा. भारतात दिल्लीहून प्रायोगिक प्रक्षेपणाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रारंभ झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली चित्र रंगीत झाले. या सर्व काळात चित्राची घडण एकच होती : ६२५ ओळी, त्यांपैकी प्रत्यक्ष दिसणाऱ्या सुमारे ५७६. या ओळी एकमेकींत मिसळून सलग चित्र दिसावे यासाठी चित्राच्या उंचीच्या साधारण सहापट दूर बसावे लागे. त्या दिवसांत मध्यमवर्गीय घरांत वीस इंची संच असे. त्याची रुंदी सुमारे सोळा आणि उंची सुमारे बारा इंच. बारा इंचांच्या सहापट म्हणजे सहा फूट. "जरा मागे सरा, सहा-सात फुटांवरून पाहा" हा वडीलधाऱ्यांचा उपदेश डोळ्यांच्या काळजीपोटी केलेला असे. पण गणिताच्या दृष्टीनेही तो अगदी बरोबर होता.

पुढे चित्र अधिक बारीक करण्याचा विचार जपानमध्ये जोमाने झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथील एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या संशोधकांनी एक मूलभूत प्रश्न हाती घेतला. पडदा दृष्टीच्या किती भागात पसरला म्हणजे पाहणाऱ्याला चौकटीतून डोकावल्यासारखे न वाटता आपण त्या प्रसंगी हजर आहोत असे वाटू लागते? प्रयोगांती त्यांना आढळले की, चित्राने सुमारे ३० अंश व्यापले पाहिजेत. आणि त्यासाठी उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसले पाहिजे. तीस अंश म्हणजे १,८०० कला. आज ज्याला फुल एचडी म्हणतात त्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असतात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तीस अंश रुंदीचे चित्र डोळ्याला सलग दिसण्यासाठी जेवढे बिंदू लागावेत, जवळजवळ तेवढेच ते आहेत. त्यानंतर आलेल्या फोर-के चित्रात आडवे ३,८४० आणि उभे २,१६० बिंदू असतात. त्यांचा पुरता लाभ घ्यावयाचा तर उंचीच्या अवघ्या १.६ पट अंतरावर बसावे लागते.

हे आकडे आठ फूट अंतराच्या खोलीत आणून ठेवले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. पुणे असो, इंदूर असो की दिल्लीतील एखादी सरकारी वसाहत असो, बैठकीच्या खोलीत सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत आठ-नऊ फुटांहून अधिक अंतर क्वचितच मिळते. त्रेचाळीस इंची पडद्याची उंची सुमारे २१ इंच असते. त्यावरील फुल एचडी चित्रातील एकेक बिंदू साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तो साडेपाच फुटांच्या पलीकडे वेगळा दिसत नाही. त्याच आकाराच्या फोर-के पडद्यावरील बिंदू पाव मिलिमीटरचा. तो वेगळा पाहावयाचा तर तीन फुटांच्या आत सरकावे लागेल. म्हणजे आठ फुटांवर बसलेल्या कुटुंबाला त्रेचाळीस इंची फुल एचडी आणि त्रेचाळीस इंची फोर-के यांतील बिंदूंचा फरक केवळ किंमतीच्या चिठ्ठीवर दिसतो, पडद्यावर नव्हे. पंचावन्न इंची पडद्यावरही फुल एचडी बिंदू सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो, आणि आठ फुटांवरील कलेचे माप ०.७१ मिलिमीटर असल्यामुळे तेथेही तो नजरेच्या मर्यादेआडच राहतो. पडदा साठ इंचांच्या वर गेला, किंवा बसण्याची जागा पाच-सहा फुटांवर आली, म्हणजे मग फोर-केचे बारीक विणकाम खरोखर उपयोगी पडू लागते.

याचा अर्थ फोर-के संच घेऊ नये असा नव्हे. मोठ्या आकारांत आज बहुतेक संच त्याच घडणीचे मिळतात आणि ते घेण्यात तोटा काही नाही. अर्थ एवढाच की, बिंदूंच्या संख्येवर भुलून अधिक पैसे मोजू नयेत. ते पैसे पुढे सांगितलेल्या दुसऱ्या गुणांवर खर्च झाले तर घरातील प्रत्येकाच्या डोळ्याला त्यांचा मोबदला मिळतो.

आकार ठरविण्याची एक सोपी रीत आहे. जेथे बसावयाचे तेथून पडद्याच्या जागेपर्यंतचे अंतर इंचांत मोजावे. त्याला १.६ ने भागले असता तीस अंश व्यापणाऱ्या पडद्याचा कर्ण मिळतो. ही चित्रपट आणि खेळ यांची आवड असणाऱ्यांसाठी वरची मर्यादा समजावी. त्याच अंतराला २.५ ने भागले तर सुमारे वीस अंश व्यापणारा पडदा मिळतो. बातम्या, मालिका आणि गप्पागोष्टींतून अधूनमधून नजर टाकणाऱ्या घराला तो पुरतो. सहा फुटांसाठी ही मर्यादा २९ ते ४५ इंच येते, आठ फुटांसाठी ३८ ते ६० इंच आणि दहा फुटांसाठी ४८ ते ७५ इंच. या दोन टोकांच्या मध्ये कोठे थांबावयाचे हे घराने ठरवावे. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून पडद्याएवढा कागद करावा : त्रेचाळीस इंचांसाठी ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३.५ सेंटिमीटर उंच, पंचावन्न इंचांसाठी १२२ रुंद आणि ६८.५ उंच. हा कागद दोन दिवस भिंतीवर राहू द्यावा. देवघराच्या शेजारी, दाराच्या वाटेत, खिडकीच्या झडपेआड तो कसा बसतो हे कोणत्याही विक्रेत्यापेक्षा तो कागदच अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

त्या पहिल्या सायंकाळचे कोडे मात्र अजून सुटावयाचे आहे. संच नवा, बिंदू चौपट, आणि तरीही बातम्यांचे चित्र जुन्यापेक्षा वाईट का दिसावे? उत्तर येणाऱ्या संदेशात आहे. केबलवरील, डिशवरील अनेक वाहिन्या आजही साध्या प्रतीच्याच, म्हणजे त्या ५७६ ओळींच्याच असतात. शिवाय एका मार्गावर अनेक वाहिन्या बसविण्यासाठी त्यांतील तपशील दाबून कमी केलेला असतो. अशा चित्राला अद्यापि उंचीच्या सहापट अंतर हवे. वीस इंची जुन्या संचाला ते अंतर सहा फूट होते. त्रेचाळीस इंचींवर ते साडेदहा फूट होते आणि पंचावन्न इंचींवर साडेतेरा फूट. खोली तर तेवढीच राहिली. भिंग मोठे झाले आणि कापडाचा विरविरीतपणा उघडा पडला, एवढाच तो प्रकार. आजोबांचे गाऱ्हाणे हे वयाचे नसून भूमितीचे असते.

म्हणून खरेदीपूर्वी घराने आपल्या पाहण्याची एक यादी करावी. जे अधिकतर साध्या वाहिन्या पाहतात त्यांनी आकाराचा मोह आवरावा आणि कमी ओळींचे चित्र मोठ्या पडद्यावर नीटनेटके बसविण्याची संचाची शक्ती तपासावी. मधले नसलेले बिंदू संचातील गणकयंत्र अंदाजाने भरते. हे काम एक संच सफाईने करतो, दुसरा चेहऱ्यावर मेण फासतो. जे इंटरनेटवरून चित्रपट पाहतात त्यांनी जोडणीचा वेग पाहावा; फोर-के चित्रासाठी सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट अखंड मिळावे लागतात. पाण्याचा दाब नसेल तर नळ चांदीचा असून काय उपयोग?

एवढी तयारी झाली म्हणजे दुकानात जावे. जाताना दोन वस्तू बरोबर असाव्यात. एक, घरच्या बसण्याच्या अंतराएवढी सुतळी. टोकाला गाठ मारलेली. दुसरी, एका पेनड्राइव्हवर घरच्या माणसांची चार-सहा छायाचित्रे. दुकानात माणूस सहजच पडद्यापासून दोन-तीन हातांवर उभा राहतो आणि तेथून त्याला जे बारकावे दिसतात ते घरी कधीच दिसणार नसतात. सुतळी ताणून त्या अंतरावर उभे राहिले की अर्धी जादू ओसरते.

उरलेली अर्धी जादू प्रकाशाची असते. दुकानात दिवे प्रखर असतात; त्या उजेडात उठून दिसावे म्हणून संच भडक रंगांच्या आणि कमाल तेजाच्या मांडणीवर ठेवलेले असतात. त्यातील पांढरा रंग बहुधा निळसर असतो, कारण निळसर पांढरा हा डोळ्याला अधिक शुभ्र भासतो. चित्रनिर्मितीत मात्र ६,५०० केल्विन या दिवसाच्या उजेडाशी मिळत्याजुळत्या पांढऱ्याचे प्रमाण धरलेले असते. विक्रेत्याला विनंती करून संच "सिनेमा" किंवा "मूव्ही" या मांडणीवर आणावयास सांगावा. पहिले मिनिटभर चित्र पिवळट आणि मंद वाटेल. डोळा सरावला म्हणजे तेच स्वाभाविक वाटू लागते. नंतर दुकानाची सजविलेली फीत बंद करून साधी बातम्यांची वाहिनी लावावयास सांगावी. ज्याला हे करण्याचा कंटाळा, त्याच्याकडून मोठी खरेदी न करणेच श्रेयस्कर.

आता खरी परीक्षा. पहिली काळ्या रंगाची. रात्रीचा प्रसंग, काळे केस, गडद रंगाचा कोट पाहावा. काळा खरोखर काळा आहे की राखाडी, आणि त्या काळ्यात केसांच्या बटा, कापडाच्या घड्या दिसतात की नुसता डाग? डोळ्याला चित्राचा कस जाणवतो तो प्रथम उजेड आणि अंधार यांच्या अंतरावरून. बिंदूंची संख्या पुष्कळ मागून येते. साध्या द्रवस्फटिक पडद्यात मागून सतत दिवा जळत असतो, त्यामुळे काळा पूर्ण काळा होत नाही. त्यातही दोन जाती प्रमुख आहेत. आयपीएस जातीचा पडदा बाजूने पाहिले तरी रंग टिकवितो, पण त्याचा काळा रंग फिका असतो. व्हीए जातीचा पडदा समोरून गहिरा दिसतो, पण बाजूला सरकले की फिकटतो. ओलेड जातीत प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून तिचा काळा रंग सर्वांत खरा. परंतु तिची किंमत अधिक, आणि दिवसचे दिवस एकच वृत्तवाहिनी चालू ठेवणाऱ्या घरात वाहिनीच्या बोधचिन्हाचा कायमचा ठसा पडद्यावर उमटण्याचा धोकाही असतो.

दुसरी परीक्षा बाजूने पाहण्याची. सुतळीच्या टोकाशी उभे राहून चार पावले डावीकडे आणि चार पावले उजवीकडे जावे. भारतीय घरात दूरचित्रवाणी एकटा मनुष्य समोर बसून पाहतो असे क्वचितच घडते. एकजण सोफ्यावर, एकजण जमिनीवर जेवणाच्या ताटाशी, आजी भिंतीकडेच्या खाटेवर, आणि कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारात. आजीच्या खाटेवरून चित्र धुरकट दिसत असेल तर समोरच्या खुर्चीतील उत्तम चित्राचे कौतुक अपुरे आहे. अशा घराला बाजूने टिकणारा पडदा घ्यावा; ज्या घरात दोघेच समोर बसणारे, त्याने गहिऱ्या काळ्याचा पडदा घ्यावा.

तिसरी परीक्षा चेहऱ्याची. येथे पेनड्राइव्हवरील छायाचित्रे उपयोगी पडतात. पक्ष्याचा निळा रंग खरा किती हे कोणालाच ठाऊक नसते. पण आईच्या चेहऱ्याचा रंग प्रत्येकाला ठाऊक असतो. तो लालबुंद किंवा हिरवट दिसला तर संच कितीही नामांकित असो, त्याची मांडणी तरी बदलावी लागेल किंवा संच तरी. पांढऱ्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या चुण्या दिसतात की सारे पांढरे एकत्र वितळून गेले आहे, हेही त्याच छायाचित्रांत पाहून घ्यावे.

चौथी परीक्षा गतीची. वृत्तवाहिनीच्या तळाशी धावणारी अक्षरांची पट्टी सुतळीच्या अंतरावरून वाचून पाहावी. अक्षरे पुसट होत असतील तर क्रिकेटचा चेंडूही तसाच पुसट होईल. उलटपक्षी, गती गुळगुळीत करण्यासाठी काही संच मधली चित्रे स्वतः रचून घालतात. खेळाला ते शोभते. चित्रपटाला मात्र त्यामुळे घरगुती चित्रफितीची कळा येते. ही सोय बंद करता येते की नाही एवढे विचारून ठेवावे.

पाचवी परीक्षा संच बंद करून करावयाची. काळ्या पडद्यात दुकानातील दिवे किती स्वच्छ दिसतात? जो पडदा आरशासारखा चमकतो तो घरी खिडकीसमोर आला म्हणजे दुपारी त्यात चित्राऐवजी खिडकीच दिसेल. वय वाढते तसा डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचा पारदर्शकपणा कमी होतो. वृद्धाला प्रकाश अधिक लागतो आणि चकाकीचा त्रासही अधिक होतो. मोतीबिंदू होऊ लागलेल्या डोळ्याला बारीक बिंदू नको असतात. त्याला मोठी अक्षरे, स्पष्ट उजेड-अंधार आणि चकाकीविरहित पडदा हवा असतो.

खोक्यावरील मोठाल्या आकड्यांविषयीही सावध राहावे. एचडीआर ही अक्षरे बहुतेक सर्व संचांवर असतात. अधिक तेजाचा आणि अधिक रंगछटांचा संदेश संच स्वीकारतो, इतकाच त्यांचा हमखास अर्थ. तो तसा दाखवितो असे नव्हे. असे चित्रपट पुष्कळदा १,००० निट तेज धरून सिद्ध केलेले असतात, आणि स्वस्त संचाचे तेज अडीचशे-तीनशे निटांवर संपते. तेव्हा अक्षरांऐवजी तेजाचा आकडा विचारावा, आणि तो न मिळाल्यास डोळ्यावर विश्वास ठेवावा.

जवळ बसल्याने डोळे जातात, ही समजूत अजून टिकून आहे. तिला थोडा इतिहासही आहे : १९६७ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे आढळले आणि ते संच दुरुस्तीसाठी परत मागवावे लागले. ते संच काचनळीचे होते. आजच्या सपाट पडद्यांत तशी नळीच नाही. जवळून पाहिल्याने डोळा कायमचा अधू होत नाही. तो थकतो, पापणी कमी लवते आणि कोरडेपणा येतो. मात्र एखादे मूल वारंवार पडद्याजवळ सरकत असेल तर त्याला रागावण्याऐवजी नेत्रवैद्याकडे न्यावे. पुष्कळदा जवळ बसणे हे लांबचे न दिसण्याचे कारण नसून लक्षण असते.

शेवटचा मुद्दा उंचीचा. शोकेसच्या वर, छताच्या जवळ संच टांगण्याची प्रथा पडत आहे. जमिनीवर बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा सुमारे अडीच फुटांवर असतो, सोफ्यावर बसलेल्याचा साडेतीन-पावणेचार फुटांवर. पडद्याचा मध्य या दोहोंच्या दरम्यान राहील अशी खुंटी ठोकावी. मान वर करून दोन तास देवळाचा कळस पाहता येत नाही. मग चित्रपट तरी का पाहावा? शिवाय खालून पाहिल्यानेही काही पडदे फिकटतात, आणि दुकानात तपासून घेतलेले गुण भिंतीवर चढताच हरवतात.

आज पुष्कळ लोक दुकानात न जाता घरबसल्या संच मागवितात. त्यांनाही सुतळी आणि कागद यांची सोय मोकळी आहे; दुकानात एकदा डोळ्याने पाहून मग कोठूनही मागवावा. संच आल्यावर पहिल्या दिवशी पांढरा आणि काळा असे दोन साधे पडदे लावून मेलेला बिंदू, कडेने झिरपणारा प्रकाश वा डाग दिसतो काय हे पाहून घ्यावे. परत करण्याची मुदत थोडी असते आणि उत्साह त्याहून थोडा.

कित्येक घरांत दूरचित्रवाणी संच ही महिन्याच्या पगाराएवढी, क्वचित निवृत्तीच्या पुंजीतून काढलेली खरेदी असते. तो संच पुढील सात-आठ वर्षांच्या सायंकाळी घरातील सर्वांना एका भिंतीसमोर बसविणार असतो. त्या सायंकाळी कोण कोठे बसते, कोणाचा चष्मा किती जाड आहे आणि कोण काय पाहते, हे ज्ञान कोणत्याही विक्रेत्याजवळ नसते. ते फक्त घराजवळ असते. दुकानात त्या कुटुंबाच्या मागे खुर्ची शोधणाऱ्या आजोबांना हात धरून पुढे आणावे, सुतळीच्या टोकाशी बसवावे आणि विचारावे, "येथून नीट दिसते का?" त्यांचे उत्तर येईपर्यंत पैशाची थैली उघडू नये.